देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हावी

परदेशी विद्यापीठात फार्माकोजिनॉमिक्स (जनुकांनुसार औषधाचा परिणाम कसा बदलतो याचे शास्त्र) शिकवून आलेल्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापकांवरील लेख वाचला. आयुष्यभर फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या शिक्षकाचा हा सन्मान मनापासून आवडला. मात्र अशा देवाणघेवाणीत आपण केवळ घेणारे राहू नये.

अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळीने काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकदम का घटतात, याचे उत्तर आम्ही 'टीपीएमटी' या जनुकाच्या नावाने पाठ केले. युरोपीय रुग्णांना ते अधिक लागू पडते. आशियाई रुग्णांत 'एनयूडीटी१५' या जनुकातील बदल अधिक महत्त्वाचा, हे २०१४ मध्ये कोरियातील रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणजे रुग्ण आपले आणि पुस्तक दुसऱ्यांचे, असे चालत नाही.

या गोळीची चिठ्ठी आली की मी पाकिटावर पेनाने 'रक्ततपासणी चुकवू नका' असे लिहून देतो. त्यापलीकडचे सांगण्याइतके शिक्षण आम्हा दुकानातल्या फार्मासिस्टना मिळालेले नाही. परदेशी विद्यार्थ्यांनीही आपल्या रुग्णालयांत येऊन शिकावे आणि त्या वर्गांत आमच्यासाठी चार बाके राखून ठेवावीत.

– एक फार्मासिस्ट, सांगली