कापडासारखी दिसणारी पिशवी

महोदय,

'कापडी' म्हणून सर्रास वाटल्या जाणाऱ्या नॉन-वोव्हन (न विणलेल्या) पिशव्या बहुतांशी पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्याच असतात, ही बाब वाचकांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळणाऱ्या या प्लॅस्टिकचे बारीक तंतू सरकत्या पट्ट्यावर अस्ताव्यस्त पसरवून, नक्षीदार तापलेल्या रुळांखाली दाबून ते ठिकठिकाणी चिकटवले जातात. पिशवीवर दिसणारे ठिपके म्हणजे हेच सांधे, विणकाम नव्हे. काही पिशव्या पुनर्चक्रित बाटल्यांच्या पॉलिएस्टरपासून बनतात, तर चकचकीत छपाईच्या पिशव्यांवर प्लॅस्टिकचा आणखी एक पातळ थर असतो.

टिकाऊपणा ठरतो तो मुख्यतः जाडीवर. दर चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम वजनाचे कापड वारंवार वापर सोसते. त्याहून फारच पातळ, किंवा स्वस्ताईसाठी चुनखडीची भुकटी अधिक मिसळलेले कापड लवकर फाटते. शिवाय उन्हातील अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होते आणि संरक्षक द्रव्य घातलेले नसेल, तर उन्हात पडलेल्या पिशवीचा चक्क भुगा होतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११च्या अहवालानुसार, एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत हवामानावरील भार कमी ठरण्यासाठी पॉलिप्रॉपिलीनची नॉन-वोव्हन पिशवी किमान ११ वेळा, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. त्यामुळे सुती तेवढे चांगले, असेही सरसकट म्हणता येत नाही.

उत्पादकांना प्रत्येक पिशवीवर कच्चा माल आणि कापडाचे वजन छापणे बंधनकारक करावे, एवढीच सूचना.

— एक वाचक