आप्पांचं मशीन पुन्हा सुरू झालंय

कारेलीबाग, बडोदे
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. दिवाळीत फोनवर तू विचारलंस, "आप्पांच्या त्या जुन्या ऑसबॉर्न कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर दोन मिनिटांत मिळतं, मग वर्षभर तो चिपवर पुन्हा उभा करायचा खटाटोप कशाला?" घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. आता सविस्तर सांगतो. आणि तुझ्याकडे एक मागणंही आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं होतं, हे तुला ठाऊक आहे. आप्पांचा ऑसबॉर्न जिन्याखाली होता. पाणी उतरल्यावर उघडून पाहिला तर पिक्चर ट्यूबच्या मागे गाळ, कीबोर्डच्या फटींत गाळ, दोन्ही ड्राइव्ह गंजायला लागलेले. मुख्य बोर्ड मी फार पूर्वी दुरुस्तीच्या आशेने काढून वरच्या कपाटात ठेवला होता, तेवढा वाचला. तुम्ही पुण्याला निघालात तेव्हा आप्पांनी ते मशीन माझ्या हवाली केलं होतं, "तू सांभाळशील" म्हणून. तो गाळ खरवडताना मला रडू आवरलं नाही.

तुला दांडिया बाजारातली ती माडी आठवते ना? आप्पा ते ११ किलोंचं धूड शिलाई मशीनसारखं मुठीला धरून टेबलावर ठेवायचे, झाकण काढलं की तोच कीबोर्ड. मध्ये ५ इंचांचा पडदा, दोन बाजूंना दोन फ्लॉपी ड्राइव्ह. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेळ्यात ते लोकांसमोर आलं, किंमत १,७९५ डॉलर, आणि त्यातच लिहायला वर्डस्टार, हिशेबाला सुपरकॅल्क, प्रोग्रामिंगला बेसिक सगळं. आराखडा ली फेल्सेनस्टाइनचा. कंपनी ज्याच्या नावाची त्या ॲडम ऑसबॉर्नचं बालपण तिरुवन्नामलईला गेलं, वडील रमण महर्षींचे भक्त. आप्पा हे किती अभिमानाने सांगायचे! कंपनी १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ॲडम ऑसबॉर्न २००३ मध्ये कोडाईकनालला वारला.

आता मी काय केलं ते. एफपीजीए नावाची चिप असते. तिच्यात आधीपासून कुठलंही ठरावीक सर्किट नसतं. हजारो छोटी कोष्टकं आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचं जाळं असतं, आणि कोणती तार कुठे जोडायची हे आपण लिहून द्यायचं. माझ्या बोर्डावर आर्टिक्स-७ नावाची अशी चिप आहे. तिच्यात अशी वीस हजारांवर कोष्टकं आणि पोटातच २२५ केबी मेमरी. ऑसबॉर्नची सगळी मेमरी ६४ केबी, म्हणजे आप्पांचं अख्खं मशीन नखाएवढ्या जागेत मावून जागा उरते. बोर्डाचं घड्याळ सेकंदाला १० कोटी ठोके देतं. दर पंचविसाव्या ठोक्याला झेड-८०, म्हणजे ऑसबॉर्नचा प्रोसेसर, एक पाऊल टाकतो, झाले मूळचे ४ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४० लाख ठोके.

झेड-८० मात्र मी लिहिला नाही. त्याचा खुला आराखडा मिळतो, टी-८० नावाचा, तो घेतला. १९७६ पासून बनत आलेल्या मूळ सुट्या चिपच्या शेवटच्या ऑर्डरी ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने २०२४ च्या जूनमध्येच घेतल्या, म्हणजे पुराच्या दोन महिने आधी. बाकीचं हळूहळू मी उभं केलं. वाचलेल्या बोर्डावरच्या रॉम, म्हणजे कायमची माहिती भरलेल्या चिप, काढून रीडरवर वाचल्या, एकही बाइट खराब नव्हता. मेमरीची अदलाबदल समजायला आठवडा गेला. ६४ केबी सगळी प्रोग्रामसाठी, मग रॉम आणि ड्राइव्ह-कीबोर्डची सर्किटं बसायची कुठे? तर खालच्या १६ केबीचे पत्ते दोघांना वाटून दिलेत. प्रोसेसर एक सूचना देतो आणि त्याच पत्त्यांवर रॅमऐवजी रॉम दिसू लागतो. काम झालं की पुन्हा रॅम. काय डोकं आहे!

सगळ्यात जास्त मी पडद्यात रमलो. पडद्यावर ५२ अक्षरांच्या २४ ओळी दिसतात, पण मेमरीत ओळ १२८ अक्षरांची आणि अशा ३२ ओळी. १२८ गुणिले ३२ म्हणजे बरोबर ४ केबी. एवढ्याशा काचेवर ८० अक्षरं मुंगीएवढी झाली असती, म्हणून मोठ्या कागदावर छोटी खिडकी सरकवावी तशी सोय केली. आप्पा ओळ लांबली की कळ दाबून पडदा डावी-उजवीकडे सरकवायचे, ते हेच.

पहिल्यांदा चित्र उमटलं तेव्हा मी मेमरीत रोमन लिपीत 'बडोदा' लिहिलं होतं, जुन्या स्पेलिंगने: बी, ए, आर, ओ, डी, ए. पडद्यावर काय आलं सांगू? पहिल्या बीची उभी काठी गायब, नुसता ३ चा आकडा. 'ओ'ला डावीकडे सरळ पाठ फुटून तो डीसारखा दिसत होता आणि खऱ्या डीची पाठ गोल होऊन त्याचा ओ झाला होता. दोन रात्री मी वहीत चौकटी आखून ठिपके भरत बसलो. प्रत्येक अक्षर ८ बाय १० ठिपक्यांचं, आणि चूक नेमकी डावीकडच्या दोन ठिपक्यांत होती. तिथे आदल्या अक्षराचे ठिपके येत होते. मग उलगडलं. अक्षर कोणतं हे मेमरीतून यायला एक ठोका, त्याचा आकार रॉममधून यायला दुसरा. माझा ठिपके मोजणारा काउंटर मात्र वाट न बघता पुढे पळत होता. त्यालाही दोन ठोके मागे ठेवलं आणि पहाटे तीनला 'बडोदा' नीट उमटलं. हिला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "आप्पांचाच हिरवा रंग आहे." रंग मी मुद्दाम तसा लावला होता.

सॉफ्टवेअरमध्ये एकच प्रोसेसर एकामागून एक सगळ्यांची सोंगं घेतो. इथे झेड-८० आपलं काम करत असतो आणि त्याच क्षणी पडद्याचं सर्किट शेजारी अक्षरं वाचत असतं, जसं त्या टेबलावर होत होतं. आप्पांनी मला मशीन दिलं होतं, बापू. ते मला परत उभं करायचं होतं.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे त्यांची एकच फ्लॉपी उरली होती. जुन्या बाजारातून सव्वापाच इंची ड्राइव्ह आणला आणि फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारं कार्ड लावून ती वाचली. ४० ट्रॅक (गोल पट्टे), प्रत्येकात १० सेक्टर (तुकडे), प्रत्येकात २५६ बाइट, म्हणजे १०० केबी. तीन सेक्टर गेले, बाकी सगळं आलं. त्यात 'पत्र३' नावाची फाइल आहे. लॅपटॉपवर उघडली तर प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र चिन्ह झालेलं. वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरतो, म्हणून. नव्या मशीनवर वर्डस्टार चढवला आणि तीच फाइल स्वच्छ उघडली. रोमन लिपीतलं मराठी, सुरुवात "चि. बापूस अनेक आशीर्वाद".

तू पवईला हॉस्टेलमध्ये होतास तेव्हाचा मसुदा आहे. आधी मशीनवर लिहायचं आणि मग सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवायचं, ही त्यांची पद्धत तुला माहीत आहेच. ती पत्रं घरं बदलताना गेली म्हणून तू किती हळहळला होतास. मी दोन ओळी वाचल्या आणि थांबलो. पत्र तुझं आहे.

तीन आहे म्हणजे एक, दोन आणि पुढचीही असणार. तुमच्या माळ्यावर आप्पांचा निळा पत्र्याचा डबा आहे, त्यात फ्लॉप्या आहेत असं वहिनी एकदा म्हणाल्या होत्या. तो शोध. कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नकोस. पांढरे डाग दिसले तर ती बुरशी, पुसू नकोस, मी इथे अल्कोहोलने साफ करीन. कुरिअरने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये आणि चार दिवस राहा. वहिनींनाही आण. टेबल माडीतलंच आहे, तुम्ही जाताना इथेच सोडलेलं. त्याच्यावर पडदा मांडून ठेवलाय, खुर्ची तेवढी नवी आहे.

तुझा,
नाना