भूक लागते, झोप येते, म्हणून ठणठणीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतलं नैराश्यावरचं पान वाचलं. डॉक्टरांचा फोटो प्रसन्न आला आहे. लक्षणांची चौकटही ठसठशीत : झोप उडणे, भूक मरणे, वजन घटणे, कशातच रस न वाटणे. चूक काहीच नाही. फक्त काही जणांचं झोप-भूक-वजनाचं नेमकं उलट होतं, त्या प्रकाराला 'अटिपिकल' म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं डिप्रेशन म्हणतात, एवढी एक ओळ खाली मावली नाही. वजन घटवायच्या चहाची जाहिरात मात्र मावली.

दांडिया बाजारातल्या माझ्या माहेरी ती चौकट सकाळी नऊच्या आत कापून झाली होती. वहिनीने ती माझ्या भाचीपुढे ठेवली आणि म्हणाली, "यातलं एक तरी आहे का तुला? छापून आलंय बघ." तिने आईला काही उत्तर दिलं नाही. दुपारी मला फोन केला. तिला विचारूनच हे लिहिते आहे. तिचं नाव विचारू नये.

ही मुलगी रात्री दहाला झोपते आणि दुपारपर्यंत उठत नाही. उठली की बिस्किटं, भात, बटाट्याची भाजी, पुन्हा बिस्किटं. कपडे होईनासे झालेत. "आत्या, हात उचलतच नाही गं, दात घासायलाही; हा कंटाळा नाही, ताकदच नाही," असं ती सांगते, त्याला घरात आळस म्हणतात. हातपाय शिशासारखे जड होणं हे या आजाराचं मान्य लक्षण आहे, हे त्यांना कोणी सांगायचं? तुम्ही सांगाल असं वाटलं होतं.

ती ठणठणीत असल्याचा घरच्यांचा सगळ्यात मोठा पुरावा नवरात्राचा. मैत्रिणी घ्यायला आल्या, ही चणिया-चोळी घालून गेली आणि मध्यरात्रीपर्यंत गोलात नाचली, हसलीसुद्धा. झालं! शेजारच्या बेन म्हणाल्या, "खाय छे, पीए छे, गरबा रमे छे, पछी शेनुं डिप्रेशन?" अहो, चांगलं काही घडलं की मन तेवढ्यापुरतं वर येणं हीच तर अटिपिकल डिप्रेशनची पहिली खूण! बाकीच्या चारांपैकी दोन जुळावी लागतात : भूक किंवा वजन वाढणं, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास झोप, जड हातपाय, आणि कोणी नाकारलं की ते जिव्हारी लागणं. हे शेवटचं तर आजार अंगावर नसतानाही असतं. पुढच्या गरब्याचे पास मैत्रिणींनी हिला न विचारता काढले, तर ही खोलीतून बाहेर येईना. नोकरीही साहेबाच्या एका शेऱ्यावरून सोडली. घरचे म्हणाले, नखरे.

हा काही कालपरवाचा शोध नाही. लंडनच्या वेस्ट आणि डॅली या डॉक्टरांनी 1959 मध्येच अशा रुग्णांबद्दल लिहिलं. इप्रोनियाझिड नावाच्या औषधाचा त्यांना चांगला गुण येत होता. 1994 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा प्रकार नोंदलेला आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवून निवृत्त झाले, म्हणून हे माहीत. वहिनीला माहीत असावं असा माझा आग्रह नाही. पुरवणीत लिहिणाऱ्या डॉक्टरांबाबत आहे. नावात 'अटिपिकल' असलं तरी हा प्रकार विरळा नाही, आणि बायकांत, तेही कमी वयात, जास्त दिसतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, नाव लिहीत नाही, तिला "वजन उतरव, मूड आपोआप सुधारेल" सांगून पाठवलं. थायरॉइड तपासायचंही सुचलं नाही. थायरॉइड मंदावला तरी असंच वजन चढतं आणि सुस्ती येते, म्हणून ती तपासणी आधी हवी. मग मानसोपचारतज्ज्ञ. कधी यामागे बायपोलर आजार (कधी नैराश्य, कधी अतिउत्साह) असतो, आणि तिथे नुसत्या नैराश्याच्या गोळ्या उलटू शकतात. तेव्हा मेडिकलवाल्याला विचारून गोळी सुरू करू नये.

लेखाच्या शेवटी "मोकळेपणाने बोला" असा सल्ला आहे. कोणाशी? सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे. पाच आकडे छापायला किती शाई लागते?

ता. क. : पुरवणीत गुलाबी जमिनीवर पांढरी अक्षरं कोणाच्या डोक्यातून निघाली? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना भिंग घेऊनही ते पान वाचवत नाही. शिवाय गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
राजमहाल रोड, बडोदे