कासच्या फुलांचा उजेड

सातारा

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

कासचे फोटो मिळाले. गेंदाची फुलं पांढरीफटक आलीत, गोंड्यातला एकही बारकावा दिसत नाही, आणि तू लगेच नव्या लेन्सच्या किमती पाठवून मोकळा झालास. लेन्स राहू दे. घोळ उजेड मोजण्यात झालाय आणि तो फुकटात निस्तरता येतो.

कॅमेऱ्याच्या मीटरला समोर फूल आहे की फत्तर, ते कळत नाही. चौकटीत येईल त्याची सरासरी काढायची आणि ती मध्यम करड्यावर आणून ठेवायची, एवढंच त्याचं काम. हल्लीचे कॅमेरे थोडंफार ओळखतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस. कासला काळा कातळ आणि गर्द गवतच जास्त, फुलं नखाएवढी. मीटरला वाटतं अंधार आहे, तो सगळंच उजळ करतो आणि पांढरी फुलं जळतात. जळलेल्या जागी माहितीच उरत नाही, त्यामुळे नंतर संगणकावर कितीही ओढाताण केलीस तरी पाकळी परत येत नाही. काळोख्या भागातून मात्र बरंच काढता येतं, विशेषतः रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल असेल तर. म्हणून तिथे प्लस-मायनसचं बटण दाबून उणे २/३ किंवा उणे १ कर. एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा. एक फोटो काढ, हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, बघ. आलेख उजव्या, म्हणजे पांढऱ्या बाजूच्या भिंतीला चिकटला असेल तर आणखी १/३ खाली ये.

धुकं उतरलं की नेमकं उलटं. सगळी चौकट पांढरी, मीटर ती करडी करतो आणि धुक्याचा धूर होतो. तिथे अधिक १. संगम माहुलीला देवळाचा काळा दगड चौकटभर घेतलास तर तो राखाडी येईल, तिथे परत उणे. मोबाईलवर हेच करायचं तर फुलावर बोट टेकवून लॉक होईपर्यंत दाबून धर, मग सूर्याची खूण खाली ओढ.

फुलं हलली आहेत ती वाऱ्याने. पठारावर वारा थांबत नाही, त्यामुळे शटर सेकंदाच्या १/५०० पेक्षा हळू नको. ढगाळ असेल तर एफ/८ ला (हे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान) आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ४०० ते ८०० लागेल. लागू दे, थोडे दाणे चालतात. एफ/२.८ वर इतक्या जवळून जेमतेम काही मिलिमीटर स्पष्ट येतात, बाकी सगळी पुरणपोळी. कॅमेरा फुलाच्या उंचीला आण, पण पायवाटेवरूनच. एका फोटोसाठी दहा रोपं तुडवणारे तिथे कमी नाहीत. २०१२ साली जागतिक वारसा यादीत नाव आल्यापासून गर्दी फार, तेव्हा मधल्या वारी ये आणि आधी ऑनलाइन बुकिंग कर.

ठोसेघरच्या धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवंय ना? त्याला शटर हळू लागतं. आयएसओ १०० आणि एफ/११ ठेवूनही ढगाळ दुपारी शटर १/३० च्या आसपास अडकतो. एनडी ८ फिल्टर, म्हणजे उजेड आठपट कमी करणारी काळसर काच, लावलास की तो १/४ वर येतो, तेवढा पुरे. कठड्यावर कॅमेरा टेकवू नकोस, माणसं टेकली की कठडा थरथरतो. ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर वापर.

पौषात पालला खंडोबाची यात्रा आहे, तेव्हा येणार असशील तर हे लक्षात ठेव. भंडारा उधळला की सगळी चौकट पिवळी होते, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची झाक आपोआप काढणारी सोय, तो पिवळेपणा चूक समजून पुसायला बघतो. हळद फिकट, चेहरे निळसर. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेव, विषय संपला. शिवाय कॅमेरा लाल, हिरवा, निळा वेगवेगळे नोंदतो आणि पिवळ्यात लाल चॅनल आधी भरतो. साधा हिस्टोग्राम ठीक दिसला तरी तीन रंगांचा वेगळा बघ. लेन्स घरूनच लावून जा, यात्रेत बदलायची नाही. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, पुढे यूव्ही फिल्टर, पिशवीला रबर. काचेवर भंडारा बसला तर आधी ब्लोअरने उडव, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. ओल्या कापडाने पुसलास की त्याचा लेप होतो आणि भंडाऱ्यातल्या बारीक कचीने कोटिंगवर ओरखडे उठतात.

रोजचं म्हणशील तर पेढेवाल्याच्या कढईइतकं चांगलं दुसरं काही नाही: खवा परतताना वाफ, मागून खिडकीचा उजेड. आधी पेढेवाल्यांना विचार, मग फोटो काढ. दुकानात ट्यूबलाइट असतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे उजेड सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर त्याहून जलद ठेवलास की फोटोत आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० वर राहा. वाफेच्या जवळ जाऊ नकोस, काच धुरकटते. आणि त्यांना ४ बाय ६ चा एक प्रिंट नेऊन दे, आठवणीने.

पावसाळाभर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवलायस, तो आजच बाहेर काढ. चामडं ओल धरतं आणि लेन्सला बुरशी येते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांवर ठेव. नारिंगी जेल हिरवं पडलं की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी कर. तवा स्वयंपाकाचा नको. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, पीठ आत जातं.

पुढच्या वेळी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून पाठवलीस की ती दाबली जाते आणि दोष कशाचा ते मला इथून कळत नाही. कार्ड मात्र दोन ठिकाणी कॉपी झाल्यावरच फॉरमॅट कर, आणि तेही कॅमेऱ्यातच.

तुझी,
आई

ता. क. एनडी फिल्टर घेण्याआधी लेन्सच्या तोंडावरचा ⌀ खुणेपुढचा व्यासाचा आकडा (मिलिमीटरमध्ये) बघ. ५२ आणि ५५ चे फिल्टर एकमेकांना बसत नाहीत.