बाबांची फाईल आहे, आई तुझी कुठंय?

प्रिय आई-बाबा,

फोनवर हृदयाच्या तपासणीचा विषय काढला की बाबा "ईसीजी नॉर्मल आलाय" म्हणून फोन आईकडं देतात आणि आई जेवलीस का विचारून ठेवून देते, म्हणून आता लिहूनच पाठवतेय.

बाबा, आधी तुमचं. ईसीजी पडल्या पडल्या काढतात, त्यामुळं हृदयाची नळी बरीच तुंबलेली असली तरी तो साफ येऊ शकतो. धाकट्या काकांना अटॅक आला तेव्हा ते पन्नाशीचेपण नव्हते. वडलांना नाहीतर सख्ख्या भावाला 55 च्या आत, आईला नाहीतर बहिणीला 65 च्या आत झालं असेल तर डॉक्टर ते घराण्यातलं धरतात. तुम्ही सगळ्यांना सांगता त्याला टेन्शन होतं. होतं की, पण दिवसाला सिगरेटचं पाकीटपण होतं! 2004 साली इंटरहार्ट म्हणून 52 देशांतला मोठा अभ्यास आला, त्यात सिगरेट-तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोटाचा घेर, टेन्शन, भाजी-फळं, हालचाल, दारू अशा नऊच गोष्टींवरून पहिल्या अटॅकचा 90 टक्के धोका समजला, म्हणजे नशिबावर ढकलायला फार काही उरतच नाही. आणि आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी, बाकीच्या देशांत जवळपास 59 ला. तुम्ही तालमीत घाम गाळलाय मान्य, पण कुस्ती सुटली आणि खुराक तेवढा राहिला. गंगावेशला दूध, रविवारी तांबडा-पांढरा, मधल्या वारी कटवडा, आणि रंकाळ्याला फिरायला म्हणून जाऊन कट्ट्यावर बसून गप्पा. टेप घेऊन पोट मोजा, पँटचा नंबर सांगू नका, पुरुषाला 90 सेंटीमीटरच्या वर गेलं की जास्त, बाईला 80.

तरी तुमची निदान फाईल तरी आहे. आई, तुझं काय?

हा पुरुषांचा आजार असं आपल्याकडं सगळेच धरून चालतात. पाळी असेपर्यंत बाईला थोडं संरक्षण असतं, साधारण दहा वर्षं उशिरा होतो, हे खरंय. पण पाळी जाऊन तुला किती वर्षं झाली, आणि शुगर असली की ते संरक्षणपण बरंचसं जातं. त्यात सकाळची मिश्री, ती तंबाखूच की गं, धूर निघत नाही एवढंच. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना तू जिन्यात मध्येच थांबतेस, बादली पायरीवर ठेवून कठडा धरतेस, आणि विचारलं की पदरानं घाम पुसत "गुडघा दुखतोय" म्हणतेस. गुडघ्यानं दम लागत नाही आई. बायकांना आणि शुगरवाल्यांना छातीत कळ येतेच असं नाही, नुसता दम, जबडा नाहीतर पाठ दुखणं, मळमळ, थकवा असंपण होतं, आणि तू पित्त समजून सोडा घेऊन कामाला लागतेस.

सोमवारी उपाशीपोटी दोघंही जा. शुगर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉलसाठी लिपिड प्रोफाइल, बीपी. जिन्याचं तू स्वतः सांग, बाबांना सांगायला लावलंस तर ते "तसं काही नाही" म्हणून मोकळे होतील. टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी लागेल का पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट, ते डॉक्टर बघतील, गोळी दिली तर बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही (शेजारच्या काकू काय म्हणतात ते मला सांगू नको). आणि कधी छाती जड होऊन घाम फुटला तर सकाळपर्यंत बघू म्हणून बसायचं नाही, 108 लावायचा, मला फोन नंतर. बाबा, गाडीवर मागं बसवून न्यायचं नाही.

रिपोर्ट आले की फोटो पाठवा. दोघांचे, बाबांचा एकट्याचा चालणार नाही.

तुमचीच,
ताई