मामल्लपुरमच्या मार्गदर्शक अण्णांस आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार. हे पत्र मी मुद्दाम मराठीत आणि उघडपणे लिहीत आहे, कारण महाराष्ट्रातून मामल्लपुरमला, म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या महाबलीपुरमला, जाणाऱ्या प्रवाशांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे. आपल्यासाठी त्याचा हिंदी तर्जुमा वेगळा पाठवला आहे.

आम्ही तिथे आलो ते समुद्रासाठी. काचबिंदूने बाबांची दृष्टी गेल्यापासून लेणी आणि देवळे पाहायला जाणे आमच्या घरात बंदच झाले होते. रिसॉर्टच्या व्हरांड्यात बसून त्यांना लाटा ऐकता येतील, खारा वारा अंगावर घेता येईल, एवढाच बेत होता. आपल्याला फोन केला तेव्हाही मी सांगितले होते की देवळे आम्ही पाहून येऊ आणि बाबा खोलीवर विश्रांती घेतील. त्यावर आपण एवढेच म्हणालात, "त्यांना चालता येते ना? मग त्यांनाच आधी आणा."

किनाऱ्यावरच्या मंदिरात आपण आम्हाला सकाळी लवकर, गर्दी होण्यापूर्वी नेले. नरसिंहवर्मन दुसरा, म्हणजे राजसिंह, या पल्लव राजाच्या काळात, आठव्या शतकाच्या प्रारंभी, घडीव दगड रचून हे मंदिर उभे राहिले, हे आम्ही वाचून आलो होतो. पण शिवाची दोन गर्भगृहे, एकाचे तोंड समुद्राकडे, दुसऱ्याचे गावाकडे आणि त्यांच्या मधोमध शेषशायी विष्णू, ही मांडणी आपण बाबांना ज्या रीतीने सांगितली, तशी ती मलाही वाचून कळली नव्हती. वारा कोणत्या गालावर लागतो यावरून आपण त्यांना पूर्व दाखवली, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पावले मोजायला लावली आणि भिंतीवर ओळीने बसलेले नंदी कुठून कुठे जातात हे त्यांचा हात धरून हवेत रेखून दाखवले.

बाबांनी दगडाला हात लावू का असे विचारले तेव्हा आपण नम्रपणे नको म्हणालात. खाऱ्या वाऱ्यातले मीठ दगडात मुरते, सुकताना त्याचे स्फटिक होतात आणि पृष्ठभाग कणाकणाने सुटत जातो. तो क्षार ओढून घेण्यासाठी पुरातत्त्व खात्याला दगडावर कागदाच्या लगद्याचे लेप द्यावे लागतात, असे आपण समजावले. एका अंध वृद्धासाठी नियमाकडे काणाडोळा करणे सोपे होते आणि आम्ही त्याबद्दल आपले आभारही मानले असते. आपण तसे केले नाही, याचे मला आज अधिक मोल वाटते.

पंचरथांपाशी, म्हणजे खडकातून कोरलेल्या रथासारख्या पाच मंदिरांपाशी, आपण बराच वेळ थांबलात, आणि ते योग्यच होते. द्रौपदी, अर्जुन, भीम आणि धर्मराज यांच्या नावांचे त्यांतले चार रथ एकाच लांबलचक खडकातून ओळीने कोरलेले आहेत, पांडवांशी त्यांचा मुळात काही संबंध नाही आणि ते पूर्णही झाले नाहीत, हे सांगून आपण अपुरेपणाचाच उपयोग करून घेतला. भीमरथाचे छत घडून झाले आहे, खालचा भाग मात्र ओबडधोबड राहिला आहे, म्हणजे काम वरून खाली होत असे, हे ऐकताच बाबांनी वेरूळच्या कैलासाची आठवण काढली आणि मग आपल्या दोघांचे जे बोलणे रंगले, त्यात आमची कोणाला गरज उरली नव्हती!

इथे किनाऱ्यावर एकेकाळी सात देवळे होती आणि त्यांतली सहा समुद्रात बुडाली, या दंतकथेबाबतही आपण नेमके बोललात. 2004 च्या त्सुनामीनंतर समुद्राखालच्या अवशेषांचा शोध घेतला गेला, तिथे मानवनिर्मित बांधकामाच्या खुणा आढळल्या, पण तेवढ्याने बुडालेली देवळे सिद्ध होत नाहीत, असे आपण स्पष्ट सांगितले. प्रवाशाला आवडेल ते सांगून मोकळे होणारे मार्गदर्शक पुष्कळ भेटतात.

पण हे पत्र लिहायला बसलो ते त्यानंतरच्या दुपारमुळे. मंदिरात जे नाकारले ते देण्यासाठी आपण बाबांना आपल्या ओळखीच्या मूर्तिकारांच्या कारखान्यात नेले. मामल्लपुरमच्या दगडी शिल्पांना 2017 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे ठाऊक असूनही आम्ही त्या छिन्नीच्या आवाजांजवळून नुसते पुढे गेलो असतो. तिथे एका दगडावर तो फोडताना पाचरी ठोकण्यासाठी पाडलेल्या भोकांची रांग बाबांनी बोटांनी चाचपली आणि तशाच रांगा जुन्या स्मारकांजवळच्या खडकांवर आहेत, हे आपण सांगितले. मग अर्धवट घडलेला नंदी त्यांच्यापुढे ठेवला गेला. वशिंड गुळगुळीत झालेले, पाय अजून दगडातच. बाबा म्हणाले, "म्हणजे भीमरथ असा आहे तर."

मूर्तिकारांनी हातातले काम थांबवून आम्हाला वेळ दिला आणि काही विकत घेण्याचा आग्रह केला नाही. त्यांनाही आमचे आभार कळवावेत. आपण ठरल्यापेक्षा जास्त पैसे घ्यायला तयार झाला नाहीत, म्हणून बाबांच्या आग्रहावरून वेरूळच्या शिल्पांविषयीचे एक सचित्र पुस्तक टपालाने पाठवत आहे. बाबांनी एक प्रश्नही लिहून घ्यायला सांगितला आहे: अर्जुनाच्या तपश्चर्येच्या शिल्पात मागच्या पायांवर उभे राहून तप करणारे जे मांजर आहे, त्याची प्रतिकृती आपल्या मूर्तिकारांकडे हातात मावेल एवढ्या आकारात मिळेल का? मिळत असल्यास किंमत कळवावी.

आपला कृतज्ञ,
एक प्रवासी