पावलातली वीज आणि थोडा हिशेब

संपादक साहेब,

चालताना वीज बनवणारं डिव्हाइस विद्यार्थ्यांनी केलं ही बातमी वाचली, पोरं भारीच आहेत! पण आता मोबाईल फुकटात चार्ज होणार वगैरे जे लोक बोलतायत ना, ते जरा अतीच होतंय. गॅसचा लायटर खटकन दाबला की ठिणगी पडते तेच हे पिझो तत्त्व (काही स्फटिक दाबले की वीज तयार होते), शास्त्रज्ञ क्युरी बंधूंनी १८८० मध्येच दाखवलेलं. हिशेब करून बघा, ६० किलोचा माणूस आणि पायाखालचा भाग ५ मिलिमीटर दबला तर एका पावलाला जेमतेम ३ ज्यूल (ऊर्जेचं माप), आणि फोनच्या बॅटरीत ५० हजारांच्या आसपास मावतात, म्हणजे काहीच वाया गेलं नाही तरी जवळपास सतरा हजार पावलं (पाय राहतील का?). छोटा सेन्सर, बुटातला एलईडी मात्र आरामात चालेल, तेवढंही छापा की.

— एक वाचक